सुनंदाबाईंचं पान

"तुमच्या सुनंदाबाई कुठवर आल्या?"

केरोबुवांनी विचारलं तेव्हा उन्मेष तारळेकर मठाच्या पायरीवर बसून बुटांच्या नाड्या सोडत होता. नाडीला गाठ बसली, सुटेना.

"येतील..." तो म्हणाला.

"येऊ द्या सावकाश. पान मांडून ठेवलंय."

बुवा आत गेले आणि उन्मेषच्या तोंडचं पाणी पळालं. पळणारच. सुनंदाबाई येणार कुठून? त्या बाईला जन्म उन्मेषनंच दिला होता, तोही मोबाइलवर.

आता हे नीट सांगायला हवं.

केरोबुवा पूर्वीचे शाळामास्तर. निवृत्त झाल्यावर येरळा नदीच्या काठच्या या लहानशा मठात येऊन राहिले. वाचायचा नाद जुना. त्यांच्या विद्यार्थ्यांनी मोबाइलवर त्यांना एक ग्रुप काढून दिला आणि त्याचं नाव ठेवलं 'पंगत'. लिहिणाऱ्यांनी लिहावं, वाचणाऱ्यांनी वाचावं. बघता बघता गावोगावची माणसं जमली.

नियम म्हटला तर एकच, तोही मठातल्या वर्षाच्या जेवणातून उचललेला. आपलं भांडं आपण आणावं, आपल्या नावानं वाढावं, आणि शेजाऱ्याच्या भांड्यातलेही चार घास खावेत.

उन्मेषचं गोष्टींचं पुस्तक आलं होतं. गोष्टी चांगल्या होत्या, खोटं कशाला बोला. ग्रुपमध्ये त्यानं एका ओळीत कळवलं, 'माझं पुस्तक आलं आहे.' दोन अंगठे आले. त्यातला एक मावशीचा.

प्रकाशक म्हणाला, "तारळेकर, बोलणाऱ्याचे हुलगे विकतात, न बोलणाऱ्याचे गहू विकत नाहीत. बोला जरा."

पण बोलणार कसं? आपली पाठ आपणच थोपटायची नाही, हे त्याला लहानपणापासून घोटून शिकवलेलं. स्वतःचं कौतुक स्वतः करायची लाज वाटली, म्हणून त्यानं ते दुसऱ्याकडून करून घ्यायचं ठरवलं. दुसरं कुणी मिळेना, म्हणून तयार केलं.

सुनंदा क्षीरसागर, वाई. फोटोच्या जागी ओंजळभर प्राजक्ताची फुलं.

सुनंदाबाईंनी लिहिलं, 'कालपासून या गोष्टींनी माझा पिच्छा सोडलेला नाही.' मग आणखी लिहिलं. मग रोजच लिहू लागल्या. लोक पुस्तक मागवू लागले, उन्मेषला विचारू लागले, आणि एक दिवस खुद्द बुवांनी लिहिलं, 'लेखकानं यंदा आपल्या जेवणाला यावं, जेवण झाल्यावर एक गोष्ट वाचून दाखवावी. सुनंदाबाई, तुम्हीही या.'

सुनंदाबाईंनी उत्तर दिलं, 'नक्की येते.' दुसरं काय देणार? एवढ्या भक्त बाईनं नाही म्हटलं तर ते दिसलं कसं असतं?

उन्मेष काही लबाड माणूस नव्हे. एक खोटं निभवायला दुसरं लागलं आणि दुसऱ्याला तिसरं, इतकंच. आणि आजच्या वाचनाची त्याला फार आस होती. इतकी वर्षं त्यानं गोष्टी वाचल्या त्या बायकोपुढे आणि भिंतींपुढे. आज समोर माणसं असणार होती.

ओसरीवर पत्रावळींच्या दोन रांगा मांडल्या होत्या. माणसं आपापलं भांडं घेऊन उभी होती. बुवांनी पहिला घास घेतल्याशिवाय इथं कुणी पानाला हात लावत नाही.

बापू शेलार ठेच्याचा खल घेऊन पुढे आले.

"हा ठेचा माझा. मिठाला हात जरा सैल झालाय, सांभाळून घ्या." मग त्यांचं लक्ष उन्मेषच्या हातातल्या खोक्याकडे गेलं. "हे कुणी केलं?"

"पेढे आहेत... साताऱ्याहून आणले."

"विकतचे ना? मग विकतचे म्हणून वाढा. इथं लाज कसली. फक्त आईनं केलेत असं सांगू नका म्हणजे झालं."

सगळे हसले. उन्मेषही हसला, जरा उशिरा.

एका म्हाताऱ्या बाईंनी त्याला बाजूला बोलावलं. मांडीशी खपली गव्हाच्या खिरीचं पातेलं, अंगावर धुवट पांढरी साडी. मिरजेला जन्मभर नर्स होत्या. ग्रुपात सगळे त्यांना यमुनाक्का म्हणत.

"सुनंदाबाई माझ्या शेजारी बसणार हं. मी बुवांना सांगून ठेवलंय."

"तुमची ओळख आहे?" उन्मेषनं विचारलं. स्वतःचाच आवाज त्याला परका वाटला.

"ओळख कसली. पण माझी गोष्ट मी त्यांनाच पाठवली. पहिलीच लिहिली हो, या वयात. घरात दाखवायची छाती झाली नाही. म्हटलं, दुसऱ्याच्या लिहिण्यावर इतक्या मायेनं लिहितात, मनाची मोठी असणार बाई." अक्का पातेल्यावरचं झाकण उगाच सारखं करत होत्या. "पाडव्याला पाठवली. 'सवडीनं वाचते, ताई' म्हणाल्या. अजून झाली नसेल सवड..."

उन्मेषला आठवलं. कुठल्याशा टपरीवर चहाची वाट बघत उभा असताना त्यानं ते उत्तर टाकलं होतं. गोष्ट उघडलीसुद्धा नव्हती.

"मी आलोच," म्हणून तो अंगणातल्या चिंचेमागे गेला.

तिथं उभं राहून त्यानं सुनंदाबाईंच्या नावानं ग्रुपवर लिहिलं, 'बुवा, क्षमा असावी. सकाळपासून ताप भरलाय. येता येत नाही.' पाठवलं आणि सुटकेचा निःश्वास सोडला. संपलं एकदाचं.

तो परत येईतो बापू शेलार तो निरोप मोठ्यानं वाचून दाखवत होते.

"असं का," बुवा म्हणाले.

"मग ते पान उचलू?" बापूंनी विचारलं.

"असू दे."

एवढं बोलून बुवा द्रोण मांडायला लागले. उन्मेषला वाटलं, निभावलं.

पण यमुनाक्का उठल्या होत्या. पातेल्याला फडकं बांधत होत्या.

"अक्का, कुठं निघालात?" बापूंनी विचारलं.

"वाईला."

"आता? या उन्हात?"

"एकट्या राहतात हो त्या. मागं लिहिलं नव्हतं का, 'मी एकटी, आणि ही पुस्तकं' म्हणून? तापात एकट्या माणसाचे काय हाल होतात ते मी जन्मभर पाहिलंय. पातळ खीर असली तर दोन घोट उतरतात तरी."

ते वाक्य लिहिताना उन्मेष स्वतःवर खूश झाला होता.

"पत्ता कुठाय तुमच्याकडे?" तो म्हणाला.

"विचारत जाईन. एवढी वाचणारी बाई, वाईत कुणाला तरी ठाऊक असेलच."

उन्मेषनं बुवांकडे पाहिलं.

"बुवा, तुम्ही तरी सांगा ना यांना."

"मी काय सांगणार? त्या बाईंची माहिती मला तुमच्याइतकी नाही."

बुवा द्रोण मांडत राहिले. मान वर केली नाही.

अक्कांनी एका पायात चप्पल घातली. दुसरी उंबऱ्यापाशी उलटी पडली होती, ती पायानंच सरळ करू लागल्या. पाय दुखरा असावा. चप्पल सरळ होईना.

उन्मेष खाली वाकला. चप्पल त्यानं हातात घेतली, पण पुढे ठेवली नाही.

"अक्का, जाऊ नका."

"का?"

"वाईला कुणी नाही. कुठंच कुणी नाही... सुनंदा मीच."

बापूंच्या हातातला खल तसाच राहिला. लांब नदीपलीकडे कुणीतरी बैलाला हाक घालत होतं, तेवढीच ऐकू येत होती.

अक्का एका चपलेवर उभ्या होत्या.

"म्हणजे... माझी गोष्ट तुमच्याकडे आहे?"

"हो."

"वाचलीत?"

इथं हो म्हणणं सोपं होतं. 'हो, छान आहे' एवढंच म्हटलं असतं तर बाईचा चेहरा उजळला असता आणि बाकीचं थोडं तरी झाकलं गेलं असतं. शब्द उन्मेषच्या जिभेवर आलेही.

"नाही, अक्का. उघडलीसुद्धा नाही."

"बरं," अक्का म्हणाल्या.

पायातली चप्पल त्यांनी काढली, पातेलं खाली ठेवलं आणि पदरानं तोंड पुसलं. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. उन्मेषला आयुष्यात इतकी शरम कधी वाटली नव्हती.

"तुम्हाला ठाऊक होतं," तो बुवांना म्हणाला.

"संशय होता. बाई रोज पंगतीला बसायच्या, पण एकाच भांड्यातलं खायच्या."

"मग ग्रुपातून काढून का नाही टाकलंत?"

"जेवायला बोलावलं की."

उन्मेष अगदी हळू म्हणाला, "मला लाज वाटत होती, बुवा. चारचौघांत माझं माझं कसं करायचं? आणि न करावं तर कुणी ढुंकून बघत नाही."

"बापू," बुवांनी हाक मारली, "ठेचा कुणाचा?"

"माझा."

"लाज वाटली का सांगताना?"

"लाज कसली बुवा, ठेचा आहे."

दोघंतिघं हसले, पण उन्मेषला हसू आलं नाही. कोपऱ्यात त्याची पिशवी होती, नव्याकोऱ्या पुस्तकांनी भरलेली. वाचनानंतर लोक मागतील म्हणून आणली होती. त्यानं ती खांद्याला लावली.

"निघतो मी. वाचन रद्दच समजा."

"निघतोस कुठं?" बुवा म्हणाले. ते पहिल्यांदाच त्याला अरे-तुरे करत होते. "अक्का दमल्यात. खीर तू वाढ."

"माझी मी वाढते की," अक्का म्हणाल्या.

"तुम्ही बसा."

अक्का बसल्या. शेजारचं पान रिकामं होतं.

उन्मेषनं पिशवी खाली ठेवली आणि पातेलं उचललं. पहिल्या पानापाशी वाकला. पळीभर खीर वाढली आणि पुढे सरकू लागला.

"कुणाची?" पानावरच्या माणसानं विचारलं.

"यमुनाक्कांची," उन्मेष पुटपुटला.

"ऐकू आलं नाही," पलीकडून बापू म्हणाले.

"यमुनाक्कांची खीर."

दुसरं पान. "यमुनाक्कांची खीर." तिसरं पान. पहिल्या रांगेच्या शेवटाला त्याचा आवाज मोकळा झाला होता. ग्रुपात इतके महिने तो होता, पण आपलं सोडून दुसऱ्या कुणाचं नाव त्यानं कधी घेतलं नव्हतं. हे त्याच्या आत्ता ध्यानात येत होतं, आणि ध्यानात येताना बरं वाटत नव्हतं.

अक्कांच्या पानावर त्यानं खीर वाढली. अक्का पानाकडेच बघत होत्या. सुनंदाबाईंच्या पानावरही त्यानं वाढली.

शेवटचं पान बुवांचं.

उन्मेष वाकला. पळी पुढे केली. बुवांनी पानावर आडवा हात धरला.

"नको, बुवा?"

"हवी की. आधी एक सांग. अक्कांची गोष्ट कशी आहे?"

"वाचली नाही ना अजून..."

"फोन आहे ना खिशात?"

"आहे."



उन्मेषनं रांगांकडे पाहिलं. बाकीची सगळी पानं वाढून झाली होती. माणसं हात मांडीवर घेऊन बसली होती. खिरीवर साय धरायला लागली होती. अक्कांनी डोळे मिटून घेतले होते.

त्यानं पातेलं खाली ठेवलं. हात सदऱ्याला पुसले आणि फोन काढला.

"इथं? मोठ्यानं?"

बुवांचा हात पानावरून हलला नाही.

"तुम्ही सगळे जेवायचे थांबलात, बुवा. गोष्ट लांबलचक असली तर?"

बापू शेलारांनी सुस्कारा टाकला. त्यांना सपाटून भूक लागली होती, पण त्यांना कुणी विचारलं नाही.

"वाच," केरोबुवा म्हणाले. "आम्हाला घाई नाही."