निळा बर्फ

एका गावात म्हणे माणसांपेक्षा चित्रं जास्त होती. गाव होतं बर्फाच्या डोंगराखाली, आणि तिथे घरोघरी चित्रं काढायचे. गावात एक चित्रशाळा होती. तिच्या भिंतीवर ज्याचं चित्र लागे, त्यालाच गाव चित्रकार म्हणे.

त्यासाठी एक रीत होती. चित्र होत आलं की दिवसभर चौकात ठेवायचं. बाकीच्यांनी ते बघायचं आणि जिथे चुकलंय असं वाटेल तिथे खडूनं फुली मारायची. मग ज्याचं चित्र, त्यानं एकेक चूक सुधारून फुली पुसायची. एक जरी फुली उरली, तरी चित्रशाळेचं दार बंद.

त्या गावात एक अबोल तरुण राहायचा. दिवसा लोकांच्या भिंती रंगवायचा आणि संध्याकाळी ॲक्रिलिक रंग घेऊन बसायचा. त्याची चार चित्रं आजवर परत आली होती. कोणी काही सांगितलं की तो मान डोलवायचा. पण एकाचं ऐकून फुली पुसावी, तर दुसऱ्याची नवी फुली उमटायची. चित्र बिचारं चिखल होऊन जायचं.

यंदा त्यानं डोंगरावरची पहाट काढली. उतारावर देवदाराची पाच झाडं, उन्हातला बर्फ पिवळसर, सावलीतला निळा, खळग्यांमधला तर चक्क जांभळा.

चौकात हशा पिकला.

"काय रे, बर्फावर नीळ सांडली का?" एकानं विचारलं.

"अहो, धुणं पिळलंय त्यानं तिथे!" दुसरा म्हणाला.

चित्रशाळेचे थोरले गुरुजी पुढे आले. "बाळा, बर्फ पांढरा असतो. आपल्याकडे बर्फाची तीनशे चित्रं आहेत. एकात तरी निळा दिसतो का?" त्यांनी निळ्यावर फुली मारली. त्यांचं बघून आणखी दहा जणांनी मारली.

शेवटी मडक्यांवर नक्षी काढणारी मावशी आली. तिनं डोळे बारीक करून बराच वेळ बघितलं आणि झाडांच्या बुंध्यापाशी फुली काढली. "लेकरा, तुझी झाडं लटकलीत. उभी नाहीत."

घरी येऊन तरुणानं पांढरा रंग काढला. ब्रश बुडवला. पण हात पुढे जाईना. गुरुजींनी तीनशे चित्रं बघितली होती. बर्फ बघितला होता का?

दुसऱ्या दिवशी तो पहाटेच डोंगर चढून गेला. वर पोचेपर्यंत ऊन आलं. सावलीतला बर्फ निळाच होता! त्याला नाचावंसं वाटलं. मग त्यानं झाडांकडे बघितलं. प्रत्येक बुंध्याभोवती बर्फात खळगा होता, त्यात गर्द सावली होती, आणि झाड त्या सावलीत पाय रोवून उभं होतं. त्याच्या चित्रात हे काहीच नव्हतं. तो ओशाळला. मावशीचं खरं होतं.

घरी येऊन त्यानं बुंध्यापाशी सावल्या भरल्या. पाचही झाडं उभी राहिली. रंग वाळल्यावर त्यानं मावशीची फुली पुसली, चित्राखाली आपलं नाव घातलं आणि चित्र चौकात नेलं.

"अरे, फुल्या तशाच!" गुरुजी म्हणाले.

"अकरा आहेत. बारावी मावशीची होती. ती बरोबर होती."

"आणि आमच्या चुकीच्या?"

तरुणानं डोंगराकडे बोट केलं. "हो, गुरुजी. मी वर जाऊन बघून आलोय. तुमच्यापैकी कोणी गेलंय?"

पुढे उभे असलेले दोघेतिघे मागे सरकले.

"चित्रशाळेत जागा मिळायची नाही," गुरुजी म्हणाले.

"नको मग."

"निदान फुल्या तरी पुसून टाक."

"नाही पुसणार. तुम्ही काय म्हणालात आणि मी काय केलं, दोन्ही दिसू दे लोकांना."

त्यानं चित्र आपल्याच घराच्या बाहेरच्या भिंतीवर लावलं. चित्रशाळेचं दार त्याच्यासाठी त्या वर्षी उघडलं नाही, पुढच्या वर्षीही नाही. येणारेजाणारे हसायचे. पण हसायला का होईना, थांबायचे, आणि थांबले की बघत राहायचे.

तिसऱ्या हिवाळ्यात एका सकाळी गुरुजी दाराशी आले. काखेत रंगांची पेटी होती. त्यांनी घसा खाकरला.

"वर जायचं तर एक घोंगडी पुरते का रे?"

"दोन घ्या, गुरुजी," तरुण म्हणाला. "आणि निळा रंग जास्त घ्या."

तात्पर्य इतकंच: सल्ला सगळ्यांचा ऐकावा आणि स्वतः जाऊन पडताळून बघावा. खरा ठरेल तो कोणाचाही असो, घ्यावा. खोटा ठरेल तो अकरा जणांचा असला तरी मानू नये.