मागची पायरी

बोटी आपसांत बोलत असत, त्या काळची ही गोष्ट. खाडीकाठच्या एका कारखान्यात एकाच साच्यातून निघालेल्या दोन फायबरच्या बोटी शेजारी शेजारी उभ्या होत्या. फरक एवढाच, की थोरलीला मागे चढायला पायरी होती आणि धाकटीला नव्हती.

एकदा एक जोडपं घरच्या सहलींसाठी बोट घ्यायला आलं.

"दोन्ही सारख्याच दिसतात," नवरा म्हणाला.

"सारख्या कशा? आईंना चढता नको का यायला?" बायको म्हणाली.

थोरली विकली गेली. "एका पायरीसाठी," धाकटी धुसफुसली.

काही वर्षांनी थोरली रंगकामासाठी परत आली. धाकटी अजून तिथेच, ताडपत्रीखाली उभी होती.

"तुझी बाई मजा. सहली काय, माणसं काय."

"त्या बाईच्या सासूबाई, घरातल्या आजी, चढताना आधी मला हात लावून नमस्कार करायच्या," थोरली म्हणाली. "'पाय लागतोय गं बाई,' म्हणायच्या. दर खेपेला."

"आणि आता?"

"आता आजी नाहीत. बाकीचे पुढूनच उड्या मारून येतात. मी मात्र निघण्याआधी जराशी थांबते. त्यांना वाटतं, इंजिन कुरकुरतंय."

धाकटीने भीत भीत विचारलं, "म्हणजे कुणी निवडलं नाही, तेच बरं का गं?"

फाटकातून काही माणसं बोट बघायला आत येत होती.

"नाही गं," थोरली म्हणाली. "वाऱ्याने तुझी ताडपत्री उडतेय ना, ती उडू दे. त्यांना तू नीट दिसायला हवीस."