उनूपाताच्या भिंतीतले भोक

कुस्को शहरातले राजवाडे, सूर्याचे मंदिर आणि साक्सायवामानचे हत्तीएवढे दगड पाहून झाले की बस डोंगरात शिरते आणि अर्ध्या तासात उनूपाताला येऊन थांबते. इथली हवा इतकी विरळ की दहा पावलांत धाप लागते, तरी पाहुणे जवळजवळ धावतच सुटतात. समोरची भिंत आहेच तशी! चार पुरुष उंच, दोनशे पावले लांब, चुना नाही, माती नाही, नुसते दगडात बसलेले दगड. आणि अशा देखण्या भिंतीच्या ऐन मध्यावर ओंजळीएवढे एक भोक, त्यातून पाण्याची धार पडत असते.

“अरेरे, नेमका इथलाच दगड पडला!” कुणीतरी हळहळतेच. सत्तरी उलटलेला वाटाड्या एवारिस्तो याचीच वाट पाहत असतो.

“पडला नाही, बाईसाहेब. काढला. बसा, सांगतो.”

इंका राजांच्या काळात पाउकार नावाचा एक पाथरवट इथे राहत होता, असे सांगतात. त्याच्या हाताला यश असे की दगड त्याचे ऐकतात, असे लोक म्हणत, आणि पाउकारही ते नाकारत नसे. राजाने त्याला हुकूम दिला, या उतारावर भिंत बांध, तिच्या मागे माती भर, तिथे सूर्यदेवाच्या सणाचा मका पिकेल. भिंतीच्या पायथ्याशी साठ घरांचे गाव होते. त्यातले पहिले घर पाउकारचे.

जुने पाथरवट म्हणाले, “बाबा रे, भिंतीला थोडी फट ठेव. मागे पाणी साचते.”

“फट ठेवतो तो पाथरवट कसला?” पाउकार म्हणाला. “माझ्या भिंतीतून मुंगी जायची नाही.”

त्या मुलखात भिंत पारखायची एक रीत होती. बायका शाल खांद्याशी अडकवतात ती लांब टाचणी काढायची आणि सांध्यात खुपसून पाहायची. टाचणी शिरली तर काम कच्चे. भिंत पुरी झाली तेव्हा कोरडा उन्हाळा होता. राजा स्वतः आला, राणीची सोन्याची टाचणी घेऊन त्याने शंभर ठिकाणी टोचून पाहिले, म्हणे. टोक वाकले, पण आत गेले नाही! राजाने भर सभेत सांगितले, “या भिंतीचा दगड जो हलवील त्याचा कडेलोट होईल. पावसाळ्यात, मका गुडघाभर झाला की, मी दरबार घेऊन पुन्हा येईन.”

पाउकारचे पाय महिनाभर जमिनीवर नव्हते. गर्वाचे घर खाली, असे आपण म्हणतो. इथे गर्वाची भिंत वर होती आणि माणसांची घरे खाली, एवढाच फरक.

मग पाऊस आला. एक दिवस, दोन दिवस, तीन दिवस. वरची माती पाणी पीत राहिली, आणि त्या पाण्याला बाहेर पडायला टाचणीएवढी वाट नव्हती. तिसऱ्या दिवशी सकाळी दूरवर शंख वाजू लागले. राजा निघाला होता! गाव नटूनथटून वाटेवर उभे राहिले. पाउकारची मुलगी चास्का शाल नीट करायला भिंतीच्या आडोशाला थांबली, आणि सहज, सवयीने, तिने टाचणी सांध्यावर टेकवली.

टाचणी डोक्यापर्यंत आत गेली.

चास्का धावत सुटली. “बाबा, चला! भिंतीत टाचणी जातेय!”

“वेडी की काय? राजा येतोय आणि हे काय बोलतेस?”

“तुम्ही स्वतः बघा. मग मला मारा हवं तर.”

पाउकार चिडून तिच्यामागे गेला. त्याने टाचणी घेतली, एका सांध्यात घातली, दुसऱ्यात घातली, दहाव्यात घातली. सगळीकडे लोण्यात घालावी तशी ती जात होती. त्याने भिंतीला गाल लावून आडवे पाहिले. सरळसोट भिंतीला मध्यावर पोट सुटले होते.

आता काय करणार? साठ घरे रिकामी करायची तर म्हातारी माणसे, तान्ही पोरे, आणि निसरडी एकच वाट. तेवढा वेळ नव्हता. उपाय एकच होता, पाण्याला वाट करून द्यायची, आणि त्यासाठी कुठला दगड काढायचा ते एकट्या पाउकारला ठाऊक होते. प्रत्येक भिंतीत सर्वांत शेवटी एक लहान दगड समोरून बसवतात, तो एकच समोरून निघतो. पण राजाची पालखी वळणावर दिसू लागली होती, आणि राजाचा शब्द सगळ्या गावाने ऐकलेला होता.

पाउकारने काशाची पहार उचलली.

“पाउकार, थांब! राजा बघतोय!” लोक ओरडले. पण तो शिडीवर चढला होता. त्याने आपल्याच हाताने महिनाभर घासलेल्या त्या दगडाच्या कडेला पहार घातली. एक घाव, दोन घाव. तिसऱ्या घावाला दगड हलला, आणि आतल्या पाण्याने तो असा भिरकावला की पाउकार शिडीसकट चिखलात पडला. त्याच्या डोक्यावरून तांबड्या पाण्याचा लोंढा धडधडत गेला, गल्ल्यांतून वाहिला, चार बदके घेऊन नदीला मिळाला. भिंत एकदा करकरली. सगळ्यांनी श्वास रोखला. भिंत उभी राहिली!

राजा पालखीतून उतरला. “दगड कुणी काढला?”

“मी,” चिखलातून उठत पाउकार म्हणाला. “चूक माझी.”

राजाने भिंत पाहिली, मग साठ घरे पाहिली. आता त्याचीही पंचाईत झाली होती, कारण राजाचा शब्द फिरत नाही. त्याने त्या भोकाकडे बोट केले. मग म्हणाला, “कडेलोट मी तुझ्या गर्वाचा करतो. यापुढे तू बांधशील त्या प्रत्येक भिंतीत, सर्वांना दिसेल असे एक भोक ठेवायचे. लोक विचारतील, तेव्हा चूक कुणाची ते मोठ्याने सांगायचे. मरेपर्यंत.”

पाउकारने आणखी तीस वर्षे भिंती बांधल्या आणि शिक्षा इमानाने भोगली. पहिली काही वर्षे तो ते शब्द मान खाली घालून म्हणे. हळूहळू मान वर आली. त्याच्या म्हातारपणी नव्या राजाचा दूत धावत आला, “शिक्षा माफ झाली, भोके बुजवायला मोकळीक आहे!” तोवर शेजारच्या तीन गावांतल्या बिनभोकाच्या भिंती पावसात ढासळल्या होत्या, आणि पाउकारची एकही नव्हती. म्हातारा खदखदून हसला आणि दूताला म्हणाला, “राजाला सांग, माफी नको. अजून चार भिंती बांधायच्या आहेत.”

आजही उनूपातात कुणी साधी गोठ्याची भिंत घातली तरी मध्यावर भोक ठेवतात. पहिल्या मोठ्या पावसात सारा गाव, पोराबाळांसह, भिजत त्या भिंतीसमोर जमतो. सगळ्यांचे डोळे त्या भोकाकडे. एक थेंब येतो, दोन येतात, मग गढूळ धार सुटते. तेव्हा गवंडी पुढे होतो आणि छाती काढून ओरडतो, “चूक माझी!”

आणि सारा गाव नाचत उत्तर देतो, “वाचलो!”