अकराचा पाढा

निवृत्त शिक्षिका इंदुमती हुपरे यांनी त्या फुटबॉल सामन्यात एकच काम केले: ‘नव्या वेशीची तालीम’ या पाहुण्या संघाच्या समर्थकांकडून पाढा म्हणवून घेतला.

यजमान संघाचे अध्यक्ष भूपाल चौगुले यांनी ऐन वेळी फलक लावला होता, ‘पाहुण्यांनी घोषणा दिल्यास त्यांचा संघ बाद.’ बाद होणे म्हणजे थेट खालच्या गटात घसरणे. सारे चिडीचूप. तेव्हा बाई उठल्या.

“म्हणा, अकरा एके अकरा!”

समर्थकांतले त्यांचे पाचशे माजी विद्यार्थी गरजले. ‘अकरा दुणे बावीस’ला पाहुण्यांचा गोल झाला.

अध्यक्ष पंचांकडे धावले. “ही घोषणाच की ओ!”

“ही घोकंपट्टी,” बाई म्हणाल्या. “तुम्ही कधी केली नाहीत, म्हणून ओळखली नाहीत.”

पंचांनी गोल व संघ दोन्ही कायम ठेवले. दोन्ही कर्णधारांनी ते मान्य केले. अध्यक्षांनीही निकालपत्रावर सही केली. सहीतल्या ‘भुपाल’चा उकार मात्र बाईंनी दीर्घ करवून घेतला.