जागची न हलणारी सावली

“सावली शिसपेन्सिलीचीच. रंगाची नाही. का, ते विचारायचं नाही.”

तातोबागुरुजींनी पहिल्याच दिवशी उल्काला बजावलं होतं. कलाशाळेची पदवी घेऊन आलेल्या उल्काने ते ओठ आवळून ऐकलं होतं.

आज चित्रशाळेत गुरुजी तिच्या मागे येऊन थांबले.

“हातात काय आहे?”

“जांभळा खडू.”

“कशाला?”

“सावलीला.”

समोर स्टुलावर हेमलता बसली होती, जहागीरदारांची नवी सून. सासू-सासरे भिंतीशी, खुर्च्यांवर. त्या घरातल्या प्रत्येक सुनेचं चित्र लग्नाच्या पहिल्या वर्षी गुरुजींनी काढलं होतं. आता त्यांचा हात थरथरायचा. म्हणून उल्का.

कागदावरचा सगळा चेहरा शिसपेन्सिलीत होता. फक्त डाव्या गालावर जांभळं. कडेला हिरवट. त्याच्याही बाहेर पिवळं.

“सावली काळी असते, बाळ.”

“ही नाही.”

“उजेड एका बाजूने येतोय. तसा भास होतो.”

उल्का उठली. एक खिडकी लावली. समोरची उघडली.

हेमलताच्या नाकाची सावली या गालावरून त्या गालावर गेली. हनुवटीखालची सरकली.

डाव्या गालावरची ती एक मात्र... जागची हलली नाही.

“न्हाणीत पाय घसरला तिचा,” सासूबाई म्हणाल्या.

कुणी विचारलं नव्हतं.

सासरे, आप्पासाहेब, हसले. “मुली, तुला चित्र सांगितलंय. पंचनामा नाही.”

“दिसतं ते काढते.”

“दिवाणखान्यात लावायचंय. चार लोक येतात. पेन्सिल फिरव त्यावर, की मिटलं.”

“तेच तर. पेन्सिल फिरवली की मिटतं.”

गुरुजी हळू आवाजात म्हणाले, “उल्का... ती आज त्याच घरी जाणार आहे. तू जाणार नाहीस.”

उल्काचा हात थांबला. हे खरं होतं.

ती हेमलताकडे वळली. “तू सांग. फिरवू पेन्सिल?”

हेमलताने सासऱ्यांकडे पाहिलं. मग जमिनीकडे...

“नको, ताई.”

“बघा, हिलाही वाचा फुटली!” सासूबाई ताडकन म्हणाल्या. “आमची सगळ्यांची चित्रं काळीच आहेत. माझंसुद्धा. कुणाचं काही अडलं नाही.”

“तुमच्या चित्रात गालावर सावली आहे, काकू?”

सासूबाईंनी तोंड उघडलं. गुरुजींकडे पाहिलं.

गुरुजी खिडकीबाहेर बघत होते.

आप्पासाहेब उठले. शिसपेन्सिल उचलून त्यांनी उल्कासमोर धरली.

“घे. शेवटचं सांगतो.”

“नाही घेणार.”

“तातोबा, सांगा हिला!”

गुरुजी खिडकीबाहेरच बघत राहिले.

आप्पासाहेबांनी बायकोकडे पाहिलं. तिने पदर तोंडाला लावला होता.

पेन्सिल तशीच पुढे धरलेली. घेणारं कुणी नाही. आप्पासाहेबांचा हात हळूहळू खाली आला.



मग गुरुजी वाकले, उल्काच्या हातातल्या खडूकडे बघून म्हणाले,

“जांभळा जपून वापर. जुन्या चित्रांनाही पुष्कळ लागणार आहे.”