गोटू बेडकाची झोप आणि ट्रकचा पट्टा

एक होता ट्रक. ट्रकला होता एक बूट. घालायला नाही हं, दृष्ट लागू नये म्हणून मागे टांगलेला. काळा आणि फाटका. त्या बुटात राहायचा गोटू बेडूक. चिंचोक्याएवढा.

ट्रक करायचा घुर्र घुर्र. बूट हलायचा डुगू डुगू. गोटू झोपायचा गाढ.

एक दिवस ट्रक गप्प. घुर्र नाही, डुगू नाही. गोटू ह्या कुशीवर, गोटू त्या कुशीवर. डोळे टक्क उघडे. बिचाऱ्याला रडूच आलं.

टुणुक टुणुक गोटू गेला ट्रकच्या तोंडाशी.

"ट्रकदादा, ट्रकदादा, घुर्र कर ना.
तू घुर्रत नाहीस, मला झोप येत नाही."

"मी नाही घुर्रत जा. माझ्या पोटातला पट्टा काढलाय. आधी पट्टा बसव."

टुणुक टुणुक गोटू गेला हैबतमामाकडे. ट्रक मामाचाच. गॅरेजात न्यायचं तर मामा ऐकेना. "त्यात काय एवढं, मीच करतो," म्हणाला. आणि बसला नाकाला काळं वंगण लावून.

"मामा, मामा, पट्टा बसव ना.
पट्टा नाही, ट्रक घुर्रत नाही.
ट्रक घुर्रत नाही, मला झोप येत नाही."

"मी नाही बसवत जा. दोन दातेरी चाकं, दोन खुणा. खुणा जुळल्या तरच पट्टा बसतो. मी कुंकवानं खुणा केल्या होत्या. मग मामीनं केली ट्रकची पूजा. दिसेल त्या दाताला लावलं हळदकुंकू. आता माझ्या खुणा कुठल्या? मी ओरडलो, तर ती बोलेना. आधी मामीला बोलतं कर."

टुणुक टुणुक गोटू गेला हौसामामीकडे.

"मामी, मामी, बोल ना.
मामी बोलत नाही, मामा पट्टा बसवत नाही.
पट्टा नाही, ट्रक घुर्रत नाही.
ट्रक घुर्रत नाही, मला झोप येत नाही."

"मी नाही बोलत जा. सकाळपासून चहा नाही. घरात दूध नाही. आधी दूध आण."

टुणुक टुणुक गोटू गेला चंपी शेळीकडे.

"चंपी, चंपी, दूध दे ना.
दूध नाही, मामी बोलत नाही.
मामी बोलत नाही, मामा पट्टा बसवत नाही.
पट्टा नाही, ट्रक घुर्रत नाही.
ट्रक घुर्रत नाही, मला झोप येत नाही."

"मी नाही देत जा. बें बें. आधी पाला आण."

टुणुक टुणुक गोटू गेला बाभळीकडे.

"बाभळी, बाभळी, पाला दे ना.
पाला नाही, चंपी दूध देत नाही.
दूध नाही, मामी बोलत नाही.
मामी बोलत नाही, मामा पट्टा बसवत नाही.
पट्टा नाही, ट्रक घुर्रत नाही.
ट्रक घुर्रत नाही, मला झोप येत नाही."

"मी नाही देत जा. मुंग्या चावतात मला. आधी मुंग्या हटव."

मुंग्या म्हणाल्या, "आम्ही नाही हटत जा."

आता मात्र गोटूला राग आला. रागाबरोबर भूकही लागली. त्यानं जीभ काढली बाहेर. लप! एक मुंगी गेली पोटात. बाकीच्या पळाल्या तुरुतुरु.

मुंग्या हटल्या, बाभळीनं पाला दिला. चंपीनं पाला खाल्ला करकर, दूध दिलं चुर्र चुर्र. मामीनं चहा प्यायला फुर्र फुर्र. मग मामी बोलली.

"अहो, मी आधी हळद लावते, मग कुंकू. कुंकू आधीच होतं, ते दात मी सोडले. जिथे हळद नाही, नुसतं कुंकू, ती खूण तुमची."

मामानं कपाळाला हात लावला. कपाळही झालं काळं.

खुणा सापडल्या. खुणा जुळल्या. पट्टा बसला, खट्ट. ट्रक घुर्रला, घुर्र घुर्र. बूट हलला, डुगू डुगू. गोटू शिरला बुटात आणि लागला घोरायला. डरांव, डरांव.

मामा दचकला. "इंजिनातून कसला आवाज येतोय?" पाना घेतला आणि निघाला पट्टा काढायला.

मामीनं पाना काढून घेतला. "अहो, गोटू घोरतोय. झोपू द्या त्याला."

मग मामा बसला चहा प्यायला.
ट्रक घुर्र घुर्र, गोटू डरांव डरांव.
आणि तुझेही डोळे मिटायला लागले की.