बंडीच्या आतली घडी

सावरीची झाडे दाट वाढलेल्या एका डोंगरउतारावर माकडांचे एक कुटुंब राहत असे. आई, बाबा, थोरली ताई, तिच्या पाठचा मधला आणि आईच्या पोटाला बिलगून असणारी धाकटी. मुलांनो, माकडे कपडे घालत नाहीत असे तुम्ही म्हणाल. पण या डोंगरावर हिवाळ्यात असा वारा सुटे, की कापूस भरलेली बंडी नसेल तर माकडाचे दात रात्रभर वाजत. म्हणून दर उन्हाळ्यात घरातल्या सगळ्यांचे कपडे घरीच शिवले जात. आणि ते ताई शिवत असे.

ते उन्हाळे मधल्याला पुढे फार आठवत. फाल्गुनात पळस फुलला की ताई फुले वेचून रंग उकळायची. कापड कोळी विणून देत. माकडांनी वर्षभर आपल्या अंगावरच्या माश्या जाळ्याकडे हाकलायच्या आणि त्याबदल्यात कोळ्यांनी चैत्रात जाडेभरडे कापड द्यायचे, असे ठरलेले होते. सुई म्हणजे साळिंदराचा काटा. कात्री म्हणजे ओढ्यातल्या खेकड्याने टाकलेली नांगी. मग सावरीची बोंडे तडकू लागत आणि कापूस वाऱ्यावर निघे. तो धरून आणायचे काम मधल्याचे. तो या झाडावरून त्या झाडावर उड्या मारी, मूठभर कापूस धरी आणि दोन मुठी स्वतःच्या केसांत अडकवून आणी. ताई एका हाताने शिवत असे आणि दुसऱ्या हाताने त्याच्या डोक्यातला कापूस वेचत असे.

"निम्मी बंडी तुझ्या डोक्यातच निघते बघ," ती म्हणायची.

"मग मला बंडी नको. डोकंच पांघरून झोपतो."

"झोप की. पोट उघडं पडेल तेव्हा माझ्याकडे येऊ नकोस."

ताईची शिवण्याची एक पद्धत होती. ती कापड नेहमी जास्त घ्यायची. जास्तीचे कापड बंडीच्या खालच्या कडेला आणि दोन्ही कुशींना आत दुमडायची आणि त्या घडीवर नुसता धावदोरा घालायची. दोऱ्याचे टोक गाठ न मारता मोकळे सोडायची. पुढच्या उन्हाळ्यात ते टोक ओढले, की घडी बोटभर सुटायची, सुटलेल्या जागेत नवा कापूस भरला जायचा आणि बंडी अंगाबरोबर वाढायची. बाबांचे अंग वाढायचे केव्हाच थांबले होते, पण पोट थांबले नव्हते. म्हणून बाबांच्या बंडीतही घडी असे.

एका वैशाखात ताईने मधल्यासाठी नवी केशरी बंडी शिवली. ती घालून तो ऐटीत आंब्याखाली गेला. तिथे कोल्हा बसला होता. दुसऱ्याला हसल्याशिवाय कोल्ह्याचा दिवस जात नसे.

"काय रे, कमरेत काय लपवलंयस?" बंडीची फुगलेली कड बघून तो म्हणाला. "आंबे चोरलेस का?"

"काही नाही लपवलं."

"मग पोटुशी आहेस की काय?"

जमलेली सगळी पोरे खो खो हसली. मधल्याच्या नाकाचा शेंडा लाल झाला. तो तसाच पळत घरी आला. ताई ओढ्यावर गेली होती. तिची नांगी ढोलीत पडली होती. त्याने बंडी उलटी केली आणि आतले दुमडलेले कापड कचाकच कापून टाकले. खालची एक आणि कुशींच्या दोन, अशा तीन पट्ट्या जमिनीवर पडल्या. बंडी आता अंगाला अगदी चापूनचोपून बसली.

ताई ओढ्यावरून आली तेव्हा तो ढोलीबाहेरच्या डबक्यात वाकून स्वतःला न्याहाळत होता. तिने एकेक पट्टी उचलली.

"मला विचारायचंस ना रे," ती म्हणाली.

"टोचत होती. आणि सगळे हसतात."

"पण पुढच्या उन्हाळ्यात..."

"पुढच्या उन्हाळ्यात तू नवी शिव की," असे म्हणून मधला आंब्याकडे पळालासुद्धा.

ताईला पुढचा उन्हाळा मिळाला नाही. भादव्यात तिला ताप भरला. आईने पाला वाटून लावला, बाबा रात्रभर शेजारी बसून राहिले, पण चौथ्या दिवशी सकाळी ताई उठली नाही. मधला तिला हलवत राहिला. मग तो सावरीवर चढला आणि दिसेल ती फांदी मोडत सुटला. शेवटी बाबा वर गेले, तेव्हा कुठे तो थांबला.

हिवाळा गेला. पळस फुलला आणि तसाच गळून गेला, कारण रंग उकळायला कोणी नव्हते. चैत्र सरताना आईने सगळ्यांचे कपडे बाहेर काढले. बाबांच्या बंडीच्या दोऱ्याचे टोक धरून तिने हळूच ओढले. सर्रकन घडी सुटली. धाकटीच्या कुंचीचीही सुटली. आई कापूस भरू लागली. जणू ताईने याही वर्षीचे शिवून ठेवले होते.

"आण तुझी," आई मधल्याला म्हणाली.

"मला होते माझी," मधला म्हणाला.

ती होत नव्हती. मुलांनो, त्या एका वर्षात तो वीतभर वाढला होता. बंडी बेंबीच्या वर राहत होती, आणि त्याने हात उचलला तशी ती काखेत टरकन उसवली.

"काढून दे, राजा," आई म्हणाली. "धुऊन ठेवते. दोन वर्षांनी धाकटीला होईल."

मधल्याने दोन्ही हात छातीशी घट्ट धरले. नवा कपडा कोणीही शिवून दिला असता. पण ताईने शिवलेले त्याच्यापाशी एवढेच उरले होते, आणि ज्या घडीने ते अंगावर राहिले असते, ती त्याने स्वतःच्या हाताने कापली होती. तो सावरीच्या शेंड्यावर जाऊन बसला आणि दोन दिवस खाली आला नाही. कोल्हा खालून ओरडून गेला, "तान्ह्या बाळाची बंडी कुठून मारलीस?" मधल्याने बंडी खाली ओढून धरली.

तिसऱ्या दिवशी साळिंदर आले. दर उन्हाळ्यात जुना काटा परत न्यायचा आणि नवा द्यायचा, असा त्याचा शिरस्ता होता. आई ढोलीत काटा शोधू लागली. तो एका गुंडाळीत टोचून ठेवलेला सापडला. कापडाच्या दोन पट्ट्या नीट गुंडाळून, त्यांत काटा खोवलेला. वर्षभर अंधारात राहिल्याने त्यांचा केशरी रंग कालच दिल्यासारखा ताजा होता.

"यातच असणार," साळिंदर गुरगुरले. "गेल्या वर्षी मी तिला म्हटलं, फेकून दे त्या चिंध्या. तर म्हणाली, मधला पुढच्या उन्हाळ्यात बोंबलत येईल, तेव्हा लागतील. आला का बोंबलत?"

"बोंबलत नाही," आई वर बघत म्हणाली. "गप्प बसलाय. तेच वाईट."

मधला खाली कसा आला ते त्यालाही कळले नाही. त्याने पट्ट्या हातात घेतल्या, उलटसुलट करून पाहिल्या.

"तिसरी कुठे आहे?"

आईने धाकटीकडे बोट दाखवले. धाकटीच्या कुंचीचे गळ्याखाली बांधायचे बंद केशरी होते. ताईने पावसाळ्याच्या तोंडावर ते लावले होते आणि आजवर आईवाचून कोणाच्या लक्षातही आले नव्हते.

"सोडवून देऊ?" आईने विचारले.

"नको," मधला म्हणाला. "तिचा गळा उघडा पडेल."

बंडी आईला शिवू न देता तो स्वतः शिवायला बसला. इतके उन्हाळे ताईच्या मांडीला टेकून बसला होता, पण काटा हातात कधी धरला नव्हता. बोटे टोचली, दोरा गुंतला, टाके नांगरट चुकलेल्या शेतासारखे पडले. चार दिवसांनी दोन्ही कुशींना पट्ट्या लागल्या आणि बंडी अंगात शिरली. खाली लावायला काही नव्हते, तेव्हा पोट थोडे उघडेच राहिले. जुने कापड धुऊन धुऊन फिके झाले होते आणि कुशीच्या पट्ट्या झळझळत होत्या.

आंब्याखाली कोल्हा होताच.

"हे काय? ठिगळं लावून फिरतोस?"

"ठिगळं नाहीत," मधला म्हणाला. "तिचंच कापड आहे. मी उशिरा लावलं."

कोल्हा उठून दुसऱ्या कोणाला तरी हसायला निघून गेला.

मग मधल्याने कोळ्यांकडून नवे कापड आणले आणि धाकटीसाठी बंडी कापायला घेतली. जेवढे लागत होते त्याहून तीन बोटे जास्त घेतले, ते आत दुमडले, धावदोरा घातला आणि टोक मोकळे सोडले. धाकटीने बंडी घातली, कड चाचपली आणि तोंड वाकडे केले.

"टोचतं," ती म्हणाली.

मधल्याने तिला मांडीवर ओढले आणि तिच्या डोक्यातला कापूस वेचू लागला.

"टोचू दे जरा," तो म्हणाला. "का टोचतं ते सांगतो. ऐकून मग पळ."

तात्पर्य : आपल्यासाठी सैल शिवणाऱ्याने आपली पुढची वर्षे मोजलेली असतात. नांगी चालवण्याआधी त्याला एकदा विचारावे, आणि त्याचे उत्तर पुरते ऐकावे. विचारायला तो पुढच्या उन्हाळ्यात असेलच असे नाही.